पूल नव्हता तेव्हा माहीमची खाडी वल्ह्यावर कशी ओलांडत?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही 1835 च्या मुंबईवर कादंबरी लिहिताय. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या वेळेला, एक कुटुंब माहीमहून वांद्र्याला बाळंतिणीला बघायला निघतं. सोबत म्हातारी आई, दोन मुलं, डोक्यावर बोचकी आणि एक बैल. एकटा नावाडी त्यांना दहा मिनिटांत सरळ समोरच्या काठाला लावतो. असं होऊ शकतं का, आणि पूल नव्हते त्या काळी लोक वल्ह्याच्या होडीनं नद्या-खाड्या नेमक्या कशा ओलांडत, हे तुम्हाला हवंय.

मी कोळीवाड्यातला माणूस. वर्सोवा आणि मढच्या मधल्या खाडीत वल्हं मारत मोठा झालो. पुढे होडी हाकायला शिकवण्याचं काम केलं, आणि आता पुराच्या पाण्यात बचावाला जाणाऱ्या मुलांना वाहत्या पाण्यातून होडी कशी काढायची ते शिकवतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी नावाड्याच्या जागेवरून बघणार. इतिहास वाचलाय तो त्याच ओढीनं, म्हणून जिथे लागेल तिथे तोही सांगतो.

दहा मिनिटांचा आकडा खोटा नाही. पाणी संथ असेल, होडी फार लादलेली नसेल, तर पाच-सातशे मीटरचं पात्र तेवढ्या वेळात कापता येतं. पण तरीवर (तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडीची फेरी) आलेला माणूस “किती मिनिटं लागतील” असं विचारत नाही, तो विचारतो “तर कधी सुटणार?” वेळ जातो तो काठावर. पाण्याची वाट बघण्यात, माणसं भरण्यात, होडी काठाकाठानं वरच्या अंगाला, म्हणजे ओढ येते त्या बाजूला, नेण्यात आणि पलीकडे चिखलातून कोरड्या जमिनीवर चढण्यात. वल्हवणं हा या सगळ्यातला सर्वांत छोटा भाग. तुमच्या प्रसंगात नेमका तेवढाच आलाय, म्हणून तुम्हालाच तो कुठेतरी खटकला असावा.

नक्की किती वेळ लागला असता ते तिथीवर, वाऱ्यावर, पावसावर, होडीतल्या वजनावर आणि दोन्ही बाजूंच्या उतरायच्या जागांवर ठरेल. माहीमची खाडी तेव्हा आजच्यासारखी नव्हती. आजचे भराव नव्हते, खाडीचं तोंड पसरट होतं, आतल्या बाजूला धारावीपर्यंत चिखल आणि तिवरं. आणखी एक गोष्ट लिहिणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. या खाडीला मिठी नदी मिळते, आणि तिच्या वरच्या अंगाला विहार तलावाचं धरण झालं ते 1860 मध्ये. म्हणजे तुमच्या कुटुंबाच्या काळात साष्टीच्या (मुंबईच्या उत्तरेकडच्या बेटाच्या) डोंगरावर पडलेला पाऊस कुठेही न अडता खाली येत होता. मिठी ही खरोखरची नदी आहे हे आपल्या पिढीला 26 जुलै 2005 ला कळलं, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा. 1835 च्या नावाड्याला ते दर श्रावणात ठाऊक होतं.

आता तिथीचं. किनाऱ्यावरच्या माणसाला घड्याळाशिवाय भरती कळते, आणि त्याचा साधा हिशेब आमच्याकडे लहान मुलांनाही येतो: तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशेब थोडाफार इकडेतिकडे धरून बरोबर येतो. दिवसातून दोनदा भरती, मध्ये साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज पाऊण-एक तासानं सगळं पुढे सरकतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाण्याची चढउतार चार मीटरच्या घरात किंवा त्याहून जास्त. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, पाणी कमी चढतं, कमी उतरतं आणि ओढही कमी.

तुमचा दिवस चतुर्दशीचा. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे सकाळी साडेदहाला भरती पूर्ण, दुपारी पावणेपाचच्या सुमारास पाणी पार सुकलेलं, आणि रात्री अकराच्या आत पुन्हा भरती पूर्ण. दिवेलागणीला, सातच्या सुमारास, पाणी चढायला लागून सव्वादोन तास झालेले. आणि भरतीचं पाणी सहा तास सारख्या वेगानं चढत नाही. एकूण चढीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. मधल्या दोन तासांत अर्धं पाणी आत घुसतं. तुमचं कुटुंब उधाणाच्या दिवशी बरोबर तिसऱ्या तासात होडीत बसतंय. म्हणजे खाडीतली सगळ्यात जोरदार ओढ त्यांच्या वाट्याला, आणि ती त्यांना पूर्वेला, धारावीच्या तिवरांकडे नेणार.

ही ओढ काय करते ते आकड्यांत बघा. हिशेबापुरतं पात्र पाचशे मीटर धरू, लादलेली होडी वल्ह्यावर तासाला साडेचार किलोमीटर जाते असं धरू, आणि पाण्याची ओढ तासाला तीन किलोमीटर. नावाड्यानं होडीचं नाक थेट समोरच्या काठावर रोखलं, तर तो पावणेसात मिनिटांत पलीकडे लागेल, पण लागेल तो ठरल्या जागेच्या तीनशे तेहतीस मीटर खाली. तिथून काठाकाठानं उलट्या पाण्यात परत यायचं तर त्याच्या वेगातले तीन किलोमीटर ओढच खाणार, हातात राहणार तासाला दीड. म्हणजे आणखी तेरा मिनिटं, आणि हात दमलेले. याउलट त्यानं सुरुवातीपासून नाक ओढीच्या वरच्या अंगाला, चाळीसेक अंश वळवून ठेवलं, तर होडी खेकड्यासारखी तिरकी सरकत ठरल्या जागीच पोचेल, नऊ मिनिटांत. काठावरून बघणाऱ्याला वाटतं हा भलतीकडेच चाललाय. होडीतल्या नवख्या माणसालाही तसंच वाटतं आणि तो घाबरतो. बचाव पथकातल्या मुलांना हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण अडचणीत माणसाचा जीव नाक थेट काठाकडे वळवायला सांगतो.

ओढ आणि होडीचा वेग सारखाच झाला तर मात्र हा उपाय चालत नाही. मग वाहत खाली जायचं हे गृहीत धरूनच निघावं लागतं. म्हणून जुने नावाडी आधी होडी काठाच्या सावलीत वरच्या अंगाला नेत. काठालगत पाणी मंद असतं, कधी कधी उलटंही फिरतं. तिथून दोरीनं ओढत, बांबू टेकवत किंवा हळू वल्हवत पुरेसं वर जायचं, आणि मग पात्रात उतरायचं. जुन्या नद्यांवर दोन काठांचे घाट समोरासमोर नसायचे यामागे बरेचदा हेच असतं: इकडून सुटायची जागा वर, तिकडे लागायची खाली. परतीला पुन्हा तिकडच्या काठानं वर चढायचं.

इथे एक बारकावा तुमच्या कामाचा आहे. काठाचं मंद पाणी आणि पात्रातलं धावतं पाणी यांच्या मध्ये एक रेघ दिसते. तिच्यावर फेस, पालापाचोळा, बारीक भोवरे. होडीचं नाक ती रेघ ओलांडतं तेव्हा नाकाला ओढ लागते पण मागचा भाग अजून मंद पाण्यात असतो, त्यामुळे होडी झटक्यानं फिरू बघते आणि एका अंगाला कलंडते. माणसं त्याच क्षणी उठून उभी राहतात. बहुतेक अपघात पात्राच्या मधोमध होत नाहीत, या रेघेवर होतात. जाणता तांडेल (होडीचा प्रमुख, मागे उभा राहून सुकाणू धरणारा) रेघ येण्याआधी आवाज देतो, “खाली बसा”, वल्हेकरी दोन-तीन जोरकस हात मारतात आणि तो सुकाणूचं लांब वल्हं अंगाशी ओढून नाक वर धरून ठेवतो. म्हातारी आई तळाच्या फळीवर मांडी घालून बसलेली हवी, आडव्या पाटावर नाही. वजन जितकं खाली, तितकी होडी शांत.

यावरून दुसरी गोष्ट निघते: तुमचा नावाडी एकटा असून चालणार नाही. मासेमारीची छोटी होरी एक माणूस मजेत नेतो. पण उधाणाच्या दिवशी, सहा-सात माणसं आणि ओझी घेऊन, किमान दोन वल्हेकरी आणि मागे उभा तांडेल. वल्हेकरी मागच्या काठाकडे तोंड करून बसतात, त्यांना वांद्रं दिसत नाही, दिसतो तो सुटलेला काठ. ते दोन खुणा एका रेषेत ठेवतात, समजा किल्ल्याचा कोपरा आणि त्याच्या मागचा एखादा ताड. ताड कोपऱ्याच्या बाहेर सरकायला लागला की होडी वाहतेय हे कळलं. तांडेल पुढे बघतो, त्याला वांद्र्याच्या टेकडीवरचं मोत मावलीचं (माउंट मेरीचं) देऊळ. या तिघांत बोलणं फार कमी असतं. वल्ह्याला आधार द्यायला होडीच्या काठावर लाकडी खुंटा आणि त्याला दोरीचा फास. फास कोरडा पडला की प्रत्येक हाताला करकरतो आणि झिजतो, म्हणून वल्हेकरी मध्येच ओंजळभर पाणी त्याच्यावर टाकतो. तुमच्या प्रसंगात आवाज हवा असेल तर तो हा ठेवा. आणि चौथा माणूस, बहुतेक घरातलाच एखादा पोरगा, होडीत साचलेलं पाणी उपसत बसलेला.

पाणी उपसणारा हा पोरगा मला स्वतःला फार जवळचा, कारण त्याचा उल्लेख मला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडला तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. नावध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचं एक अख्खं प्रकरण तिथे आहे. ज्या मोठ्या नद्या हिवाळ्या-उन्हाळ्यातही पायी उतरता येत नाहीत तिथे मोठ्या नावा, आणि त्यांच्यावर मुख्य, सुकाणूवाला, दोर सांभाळणारा आणि पाणी उपसणारा असे लोक नेमलेले असावेत. पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या छोट्या नद्यांवर छोट्या होड्या. दरही ठरलेले: लहान जनावर किंवा हातात ओझं घेतलेला माणूस एक माषक (तेव्हाचं छोटं नाणं), डोक्यावर किंवा पाठीवर ओझं असेल तर दोन, गाय-घोड्यालाही दोन, उंट-म्हशीला चार. मोठ्या नदीवर याच्या दुप्पट. मुलं, म्हातारे, आजारी, गरोदर बायका, संन्यासी, ब्राह्मण आणि राजाचा निरोप्या यांना फुकट. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कलम: माणसं अपुरी, साधनं अपुरी किंवा नाव दुरुस्त न केलेली, या कारणानं होडी बुडाली तर झालेलं नुकसान नावध्यक्षानं भरून द्यायचं. उतारूंच्या जिवाची जबाबदारी होडी चालवणाऱ्यावर, हा विचार इतका जुना आहे. आज आमच्या खाड्यांवर सुट्टीच्या दिवशी होडी गच्च भरलेली दिसते आणि जीवरक्षक जाकिटं एका कोपऱ्यात बांधून ठेवलेली असतात, तेव्हा मला हे कलम आठवतं आणि राग येतो.

काठावरची वाट बघणं किती मोठं असतं हे लढायांच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं. 1776 च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टननं डेलावेअर नदी ओलांडली, ते चित्र तुम्ही पाहिलं असेल. नदी तिथे तीनेकशे मीटर रुंद. नुसतं पलीकडे जायचं तर काही मिनिटांचं काम. पण दोन हजार चारशे माणसं, अठरा तोफा, घोडे, वरून बर्फ आणि पात्रात तरंगणारे बर्फाचे तुकडे. मध्यरात्रीपर्यंत उरकायचं ठरलं होतं, तोफा पलीकडे पोचायला पहाटेचे तीन वाजले. त्याच रात्री आणखी दोन तुकड्या खालच्या अंगाला ओलांडणार होत्या, त्यांना बर्फामुळे ठरल्याप्रमाणे जमलं नाही. माणसं उतरली तरी तोफा उतरवता येत नाहीत म्हणून एक तुकडी तर परत फिरली. होडी चालवता येणं वेगळं आणि उतरायची जागा मिळणं वेगळं.

इ.स.पू. 326 मध्ये अलेक्झांडरनं झेलम ओलांडली तीही पावसाळी पाण्यात, रात्री, वादळात. पोरसची फौज समोर बसलेली, म्हणून तो काठानं बराच वर गेला, जिथे नदीला वळण आहे आणि मधे झाडीनं भरलेलं बेट आहे अशी जागा शोधली. होड्या सिंधूवरून तुकडे करून आणल्या होत्या, तिथे त्या पुन्हा जोडल्या. गवत भरलेली कातडी तरंगायला घेतली. एवढं करून पलीकडे उतरले तर ती मुख्य जमीन नव्हतीच, आणखी एक बेट. मध्ये पाणी चढलेलं, छातीपर्यंतच्या पाण्यातून चालत जावं लागलं. पात्र पावसाळ्यात नव्या वाटा काढतं, आणि अनोळखी नदीवर स्थानिक नावाडी सोबत नसेल तर मोठ्यातला मोठा सेनापतीही असा फसतो.

आपल्या घाटावरच्या नद्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे भरती-ओहोटी नाही, आठ महिने उतारावरून, म्हणजे उथळ जागेतून, पायी किंवा बैलगाडीनं जाता येतं आणि होडी लागते ती पावसाळ्यात. कृष्णाकाठी पुरात गुळाच्या काहिलीत बसून लोक पार होत, भोपळ्याची सांगड कमरेला बांधून पोहून जात. पंढरपूरला चंद्रभागेत कोळ्यांच्या होड्या वारकऱ्यांना इकडून तिकडे नेतात, पाणी बेताचं असेल तर वल्ह्यापेक्षा बांबूच जास्त चालतो. गावचा नावाडी गावकऱ्यांकडून रोजच्या रोज पैसे घेत नसे, सुगीला धान्य घेई, रोकडा परक्या वाटसरूकडून. तो पलीकडच्या काठावर असला तर हाळी घालायची आणि तो येईपर्यंत झाडाखाली बसायचं. तुमच्या माहीमच्या तरीवर वर्दळ असणार, पण रात्री शेवटची होडी पलीकडे गेली की हाळी हाच मार्ग, आणि उलट्या वाऱ्यात ती ऐकू जात नाही.

भरतीच्या नदीचं सगळ्यात जवळचं उदाहरण लंडनचं. तिथल्या नावाड्यांचे दर 1514 मध्ये कायद्यानं ठरवले, 1555 मध्ये त्यांची संघटना कायद्यानं उभी राहिली. शहरात कित्येक शतकं एकच पूल, आणि त्याचे खांब इतके जाड की ओहोटीला कमानींतून पाणी धबधब्यासारखं खाली कोसळे. शहाणे उतारू पुलाच्या आधी उतरत, चालत पलीकडे जात आणि पुन्हा होडीत बसत. 1750 मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल झाला आणि त्यांच्या धंद्याला उतरती कळा लागली. त्यांच्यातली 1715 पासूनची वल्ह्यांची शर्यत आजही होते, हे वाचलं की आमच्या कोळीवाड्यांतल्या होड्यांच्या शर्यती डोळ्यांपुढे येतात.

आता बैलाचं, कारण तिथे तुमच्या कथानकालाच हात घालावा लागेल. 1835 मध्ये माहीम ते वांद्रे पूल नव्हता, बरोबर. पण शीव ते कुर्ला बांध 1805 च्या सुमारासच झाला होता, गव्हर्नर डंकनच्या काळात. बैल असलेला माणूस उधाणाच्या दिवशी, तिन्हीसांजेला, जनावर खाडीत घालणार नाही. तो शीवेहून कुर्ल्यावरून फिरून जाईल. लांबचा पल्ला, चिखलाची वाट, पण बैल सुखरूप. माहीमची होडीची तर होती ती पायी माणसांची, टोपल्या घेऊन बाजाराला जाणाऱ्यांची आणि घाईत असलेल्यांची. बैल होडीबरोबर न्यायचाच झाला तर तो आत घेत नाहीत, दाव्यानं डोकं होडीच्या अंगाला उचलून धरतात आणि तो पोहत येतो. पण त्यासाठी पाणी उभं हवं, म्हणजे भरती संपून ओहोटी सुरू व्हायच्या मधली पंधरा-वीस मिनिटं. माझं मत विचाराल तर घरातल्या एका पुरुषाला बैल देऊन शीवेच्या वाटेनं पाठवा आणि बाकीच्यांना होडीत बसवा. दोघं वेगवेगळ्या वेळी वांद्र्याला पोचतील, तुम्हाला कथेत तेही उपयोगी पडेल.

हाच प्रकार कुलाब्याला होता. तिथला बांध 1838 चा. त्याआधी ओहोटीला खडकांवरून चालत जायचं, भरतीला होडी. वेळ चुकलेला माणूस अडकायचा किंवा घाई करून पाण्यात सापडायचा. मुंबईतल्या माणसाचं येणं-जाणं त्या काळी असं पाण्याच्या तालावर होतं, आणि कुणाकडे किती वाजता पोचू हे सांगताना तिथी मनात मोजली जायची.

उतरण्याचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण लिहिणारे तो गाळतात आणि उतारूंना तोच जन्मभर लक्षात राहतो. भरती पूर्ण असेल तर होडी काठाच्या पायरीला लागते, पाऊल टाकलं की जमीन. अर्ध्या भरतीला होडी थांबते ती काठापासून लांब, पुढे निव्वळ चिखल. त्यात पाय गुडघ्यापर्यंत जातो, आणि ओढून काढताना वहाण आत राहते. चिखलात शिंपल्यांच्या धारा असतात, तळवा कापतो. फळ्या टाकलेल्या असल्या तर त्या शेवाळानं बुळबुळीत. म्हातारी आणि मुलं कुणाच्या तरी पाठीवर जातात. वल्हेकरी कमरेएवढ्या पाण्यात उतरून होडी धरून ठेवतो, कारण भरतीचं पाणी तिला सतत आत ढकलत असतं. साड्या ओच्यापर्यंत वर खोचलेल्या, बाळंतिणीसाठी नेलेले डिंकाचे लाडू डोक्यावर. शेवटची पन्नास पावलं चालायला वल्हवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि पावसाळा विसरू नका. नैर्ऋत्येचा वारा समुद्राकडून खाडीत शिरतो. भरती चालू असेल तर वारा आणि पाणी एकाच दिशेला, लाटा लांब आणि सोसवणाऱ्या. ओहोटी लागली की बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या वाऱ्याला भिडतं, त्यात मिठीचं पुराचं पाणी मिसळतं, आणि खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. वल्ह्याची लादलेली होडी अशा लाटेवर चढत नाही, तिच्यात घुसते. श्रावणातल्या ओहोटीला जाणता तांडेल होडी सोडतच नसे, उतारूंनी कितीही गयावया केली तरी. पावसाळ्यात माहीमच्या खाडीत होड्या उलटत, आणि तिथे रस्ता हवा ही मागणी त्यातूनच उठली. सरकारनं पैसा द्यायला नकार दिला, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले, आणि रस्त्यावर टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. 1845 मध्ये तो खुला झाला. तुमचं कुटुंब त्याच्या दहा वर्षं आधीचं.

मग तुमचा प्रसंग कसा मांडावा? तिथी हलवायची नसेल तर दोन वाटा दिसतात. सकाळी दहाच्या आसपास सोडा: भरती पूर्ण होत आलेली, ओढ जवळजवळ नाही, होडी पायरीला लागते. मग तुमची दहा मिनिटं आणि सरळ रेघ दोन्ही खरी ठरतात, आणि नावाडी एकटाच जरी नाही तरी एका वल्हेकऱ्यावर भागवेल. पण प्रसंगात काही घडणार नाही.

दिवेलागणच हवी असेल तर असं करा. कुटुंब चार वाजताच तरीवर येऊन बसलंय. समोर खाडी सुकलेली, पाण्याच्या नुसत्या दोन धारा आणि मध्ये चिखल, त्यावर बगळे. तांडेल उठत नाही. मुलं विचारतात, पलीकडचं घर तर इथून दिसतंय, मग का जात नाही. सहा वाजता पाणी होडीखाली शिरतं, होडी हलते. आणखी दोन वल्हेकरी, चार परके उतारू येतात. निघतात तेव्हा होडी वांद्र्याकडे जातच नाही, माहीमच्या काठानं पश्चिमेला, किल्ल्याकडे सरकते. तिथून पात्रात. रेघ, कलंडणं, ओरडा. मग तिरकं नाक आणि ताडावर नजर. दहा मिनिटांच्या ऐवजी पंधरा-वीस. उतरताना अंधार पडलेला, वर ढगांआड चतुर्दशीचा चंद्र, आणि काठावर मशाल घेऊन उभ्या असलेल्या माणसापर्यंत चिखलाचा पट्टा.

शक्य असेल तर एकदा वर्सोव्याहून मढला तरीनं जाऊन या. रस्त्यानं वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो, तरीनं काही मिनिटं. आता होड्या यंत्रावर चालतात, पण उधाणाच्या दिवशी मधल्या दोन तासांत गेलात तर होडीचं नाक कुठे रोखलंय आणि ती लागते कुठे, एवढं बघा. माहीमला किल्ल्याच्या बाजूला उभं राहून त्याच वेळी पाणीही बघा, फेसाची रेघ दिसते. वांद्र्याकडे तुमचं कुटुंब कोणत्या जागी उतरतंय हे ठरवलंत की कळवा. टेकडीच्या पायथ्याशी उतरवणार असाल तर एक हिशेब, आत खाडीत उतरवणार असाल तर दुसरा, आणि त्यावरून ते माहीमच्या काठानं आधी किती वर जातील ते सांगता येईल.